तीनशे सत्त्याण्णव गुंठे

आकड्याला विशेषण लावू नये, हा सरांचा पहिला नियम होता. ‘फक्त दोनशे’ म्हणायचे नाही, ‘चांगले सहाशे’ म्हणायचे नाही, आणि ‘अजून तीनशेच’ तर मुळीच नाही. दोनशे म्हणजे दोनशे. “मॅडम, आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं,” असे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले. “त्यावर हसायचं की रडायचं, ते समोरच्या माणसाला ठरवू द्या की हो. तेवढं तरी त्याच्या हातात राहू दे.”

मला हे ऐकावे लागले, कारण त्याआधी दहा मिनिटे मी एका वृद्ध गृहस्थांना “आपली रोगप्रतिकारक्षमता समाधानकारक आहे” असे सांगून बसले होते. ते गृहस्थ घाबरून उभेच राहिले होते. “हा शब्द पुरा होईपर्यंत त्यांची गाडी सुटली असती,” असे म्हणून सरांनी त्या वृद्धांना पुन्हा खाली बसवले, पाण्याचा पेला दिला, पाणी पिऊन होईपर्यंत वाट पाहिली, आणि मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत फक्त एक आकडा उच्चारला.

मी त्या प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. सूक्ष्मजीवशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन वीस वर्षे झाली होती आणि त्या वीस वर्षांत मी परीक्षानळीला हात लावला नव्हता. रत्नागिरीतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, एच.आय.व्ही.च्या औषधोपचार केंद्राला लागून, दोन खोल्यांची ती प्रयोगशाळा. रक्तातल्या सीडी-फोर नावाच्या पेशी मोजणे हे तिचे मुख्य काम. शरीराच्या संरक्षणाची सूत्रे या पेशी हलवतात आणि विषाणू नेमका त्यांनाच गाठतो. त्या किती उरल्या आहेत यावरून शरीराची झुंजण्याची ताकद कळते. औषध लागू पडले की त्या हळूहळू, फार हळूहळू, पुन्हा वाढू लागतात. हे सगळे मला पाठ्यपुस्तकातून ठाऊक होते. माणसाला कसे सांगायचे, ते ठाऊक नव्हते.

सर तिथले ज्येष्ठ तंत्रज्ञ. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, त्यावर स्वतःच्या हाताने धुतलेला कोट, आणि दोरी बांधून गळ्यात सोडलेला चष्मा. तो चष्मा ते वाचताना काढत आणि माणसाकडे बघताना लावत. नेमके उलट का, असे मी कधी विचारले नाही. मला तेव्हा कुणालाच काही विचारण्याचे धाडस होत नसे.

समजावून सांगण्याची त्यांची तऱ्हा मात्र मी कान देऊन ऐकत असे. रुग्ण आला की ते प्रथम विचारत, “कलमं आहेत का हो तुमची?” रत्नागिरी जिल्ह्यात या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस विरळा. स्वतःची नसली तरी चुलत्याची चार हापूसची कलमे असतातच.

“मग राखायला कोण असतं बागेत?”

“हायत दोन गडी आनि एक मुकादम.”

“झालं तर. हे सीडी-फोर म्हणजे मुकादम. माकडं आली की ओळखायची, हाळी द्यायची, कोणी कुठल्या बाजूला धावायचं ते सांगायचं. दुसरे असतात सीडी-एट. ते काठी घेऊन धावणारे गडी. हा आजार आहे ना, तो मुकादमांनाच धरतो. मग होतं काय, की गडी चिक्कार आणि सांगणारा कोणी नाही. सगळे काठ्या घेऊन बागभर फिरतायत आणि माकडं वर बसून आंबे खातायत.”

“आनि माकडं किती हायत ती कोन मोजतं?” एकाने विचारले होते.

“त्यासाठी रक्त बाहेर पाठवावं लागतं. इथे आम्ही मुकादम मोजतो. तुम्ही गोळी रोज घेतलीत ना, की माकडं बागेबाहेर राहतात. मुकादम परत भरती व्हायला मात्र वेळ लागतो. माणसं मिळतायत कुठे हल्ली?”

यावर रुग्ण हसे. या इमारतीत हसणारा माणूस दिसला की बाहेरच्या बाकावर बसलेल्यांच्या चेहऱ्यावर प्रथम संशय आणि मग थोडी आशा दिसत असे, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

रक्ताची नळी त्यांच्या लेखी झोपलेले मूल होते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतले की ते आतल्या द्रव्याशी नीट मिसळावे लागते. मी पहिल्या दिवशी ती जोराने हलवली. त्यांनी माझ्या हातातून नळी काढून घेतली आणि अगदी सावकाश आठ वेळा उताणी-पालथी केली. “हलवायची नसते. कूस बदलायची असते.” एकदा वॉर्डातल्या नव्या परिचारिकेने काळजीपोटी सहा नमुने रात्रभर शीतकपाटात ठेवले. हे नमुने गारव्यात ठेवून चालत नाहीत. सकाळी सरांनी त्या सहा नळ्या टेबलावर ओळीने मांडल्या, चष्मा लावला आणि बराच वेळ उभे राहिले. ती मुलगी रडवेली झाली. तिला ते काहीही बोलले नाहीत. सहाही रुग्णांना परत बोलवावे लागले, आणि प्रत्येकापुढे ते म्हणाले, “चूक आमची. दुसऱ्यांदा टोचतोय, माफ करा.” त्यातल्या एका आजीने त्यांना उलट धीर दिला. “ऱ्हाऊ दे हो. रगात काय, परत येतं.”

पण त्यांचा खरा छंद म्हणजे नोंदवहीतला ‘शेरा’ नावाचा रकाना. या रकान्यात ‘नमुना अपुरा’ किंवा ‘गोठलेला’ एवढेच लिहिणे अपेक्षित असते. त्यांचे म्हणणे असे, की सीडी-फोरचा आकडा सकाळ-संध्याकाळ बदलतो, साध्या तापाने खाली येतो, जागरणाने हलतो. मग ज्या अंगातून तो आला त्या अंगाची हकिगत त्याच्याशेजारी नको का? म्हणून रक्त घेताना ते शांतपणे चौकशी करत आणि लिहीत: ‘एस.टी.त उभ्याने आले.’ ‘गणपतीचे जागरण.’ ‘चार दिवस सर्दी, काढा चालू.’ ‘सासूशी बोलणे बंद.’ केंद्राच्या डॉक्टर वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. एकदा त्यांनी वही पाहून विचारले, “सर, सासूशी बोलणं बंद असल्याने पेशी कमी होतात, याला काही आधार आहे?”

“नाही मॅडम.”

“मग?”

“तुम्ही हा आकडा बघून औषधाला बोल लावाल. त्याआधी एकदा इकडे बघा, एवढंच.”

डॉक्टरांनी तो रकाना पुढे कधी खोडला नाही. पुढे पुढे तर त्या आकड्याआधी शेराच वाचत.

आकड्यांची रुग्णांना चढणारी नशा मात्र त्यांना आवडत नसे. एक रिक्षावाले आणि त्यांची पत्नी दोघेही उपचार घेत. दोघांची तारीख एकच असे आणि दोघांत चुरस असे. “हिचं कसं काय माझ्यापेक्षा साठ जास्त? घरात गोळीची आठवण मी करतो!” असे ते एकदा भर खोलीत म्हणाले, आणि बाई पदराआड हसू लागल्या. “हा काय दहावीचा निकाल आहे?” असे विचारून सरांनी दोघांनाही बाहेर घालवले. दार लोटल्यावर मात्र चष्मा काढून स्वतःही हसले. “भांडतायत ते बरं आहे हो. पहिल्या खेपेला आले होते तेव्हा एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते.”

आकडा सांगताना दिनदर्शिकेकडे का बघायचे, याचे कारण त्यांनी मला फार उशिरा सांगितले. त्यांचे वडील भूमापन खात्यात जमीन मोजणारे होते. लहानपणी ते वडिलांबरोबर साखळी धरायला जात. “दोन भाऊ दोन टोकांना उभे असतात, मॅडम. जमिनीकडे कोणी बघत नाही. दोघेही मोजणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असतात. वडील तोंडात सुपारीचं खांड धरून ठेवायचे. तोंड हलू नये म्हणून. माझ्याकडे सुपारी नाही, म्हणून दिनदर्शिका.” रुग्ण आकडा ऐकण्यापूर्वी चेहरा वाचतो, हे त्यांनी त्या साखळीच्या टोकाशी उभे राहून शिकून घेतले होते.

आणि म्हणूनच, त्या शब्दाचा त्यांना एवढा आनंद झाला असावा.

तो शब्द त्यांनी घडवलेला नव्हता. मिरकरवाड्याला मासळीच्या लिलावात उभ्या राहणाऱ्या एक बाई आमच्याकडे येत. एकदा व्हरांड्यात त्या फोनवर कुणाला तरी मोठ्याने सांगत होत्या, “अगो, मोजणीला आलंय मी. सांजेला येतंय घरी.” सर दारातच होते.

“कसली मोजणी हो?”

“तुमचीच की!” बाई म्हणाल्या. “घरात काय सांगू मंग? जागेची मोजणी हाय म्हटलं की कोन काय इचारत नाय. तारीख पडते, परत तारीख पडते, परत जावं लागतं. समद्यांना ठावं हाय.”

त्या दिवशी ते दिवसभर खुशीत होते. “वडिलांची गादी मिळाली,” असे मला दोनदा म्हणाले. या आजाराच्या माणसाला घरातून बाहेर पडताना काय कारण सांगावे हा प्रश्न रक्तातल्या आकड्याइतकाच जुना होता, आणि त्याचे उत्तर त्या बाईने एका शब्दात दिले होते. पाहता पाहता तो शब्द सगळ्यांचा झाला. मिरजोळ्याच्या कारखान्यात काम करणारे मोजणीसाठी अर्धी रजा मागू लागले. बाकावर बसलेली माणसे एकमेकांना “तुमची मोजणी कधी?” असे विचारू लागली. सरांचे स्वतःचे नाव मागे पडले. ते ‘मोजणीवाले’ झाले. जमिनीच्या वादात अर्धा जिल्हा गुंतलेला असल्यामुळे कुणाला शंका येण्याचे कारणच नव्हते. निदान आम्हाला तसे वाटले.

लांज्याच्या पुढच्या एका गावातून एक विधवा बाई येत असत. पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. नवरा मुंबईला एका गोदामात कामाला होता. शेवटी आजारी होऊन गावी आला आणि गेला. गावात सांगितले गेले की कावीळ. चार वर्षांपूर्वी बाईंची तपासणी झाली तेव्हा त्यांनाही तोच आजार असल्याचे कळले. घरी सासू आणि धाकटा दीर. घरात कुणालाच काही ठाऊक नव्हते. गोळ्यांची बाटली त्या तांदळाच्या डब्यात, खाली, पुरून ठेवत. “कळलं तर माला घरात ठेवायची नायत,” एवढेच एक वाक्य त्यांनी आम्हाला पहिल्या भेटीत सांगितले होते, आणि सरांनी ते शेऱ्याच्या रकान्यात न लिहिता लक्षात ठेवले होते.

एका खेपेस बाई आल्या तेव्हा आमचे यंत्र बंद पडले होते. समुद्राच्या दमट हवेशी त्याचे कधी पटले नाही. रक्त घेऊन ठेवले. यंत्र संध्याकाळपर्यंत सुरू होईल असे दुरुस्तीवाल्याने सांगितले. बाईंना एका आकड्यासाठी पुन्हा अडीच-तीन तासांची खेप पडू नये म्हणून सरांनी आपला फोन नंबर दिला. असे ते कधी करत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला, तेव्हा मोजणी चालूच होती. “दुपारी करा,” असे सरांनी सांगितले आणि तो नंबर बाईंच्या नावापुढे टिपून ठेवला. तो फोन दिराचा होता, हे आम्हाला कुठून कळावे?

दुपारी फोन आला. सरांच्या हातांत मोजे होते, म्हणून त्यांनी मला कळ दाबायला सांगितली आणि आवाज खोलीत मोकळा झाला. खोलीत आम्ही दोघेच होतो.

“हॅलो, मोजणीवालं सायब काय?” पुरुषाचा आवाज होता.

“होय, बोला.”

“आमच्या वैनीच्या मोजणीचं इचारायचं व्हतं. सकाळी तिनं फोन केलान ना, त्यो माज्याच फोनवरनं.” त्याने बाईंचे नाव सांगितले, गाव सांगितले. “झाली काय? किती भरली?”

हा प्रश्न इतका आमच्यातला होता, की त्यांना क्षणभरही शंका आली नाही. ज्याच्या तोंडी ‘मोजणी’ तो आपला माणूस, असे त्यांनी मनाशी धरले होते. बाईंनी अखेर घरी सांगितले, आणि दीर आपुलकीने विचारतो आहे, असे समजून त्यांचा चेहरा उजळल्याचे मी पाहिले.

“झाली. तीनशे सत्त्याण्णव. सहा महिन्यांपूर्वी, मागच्या खेपेस, दोनशे अठ्ठ्याण्णव होती.” मग आयुष्यात प्रथमच, माझ्या समक्ष, त्यांनी आकड्याला विशेषण लावले. “छान वाढली आहे.”

(हे दोन्ही आकडे मी बदलून लिहिले आहेत. त्याला इलाज नाही.)

पलीकडे त्याने तो आकडा पुटपुटून पाहिला.

“वाडली? जागा वाडली कशी?”

“जागा?”

“आमची आजापासनं समदी मिळून दोनशे गुंठंबी नाय! हिनं तीनशे सत्त्यान्नव कुटनं काडलान? आनि सा म्हयन्यांत नव्व्यान्नव गुंठं वाडलं? शेजाऱ्याचा बांद ढकललात काय तुमी?”

मला हसू यायला हवे होते. ते आले नाही, कारण समोर सरांच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरताना मला दिसत होते.

“हे पाहा,” ते म्हणाले, “मी तुम्हाला मागाहून—”

“मागाहून नको. वैनीला वाटनी पायजे तर तोंडावर सांगायचं. ही चोरून मोजणी कशाला? उद्या मी येतोय कागद घेऊन. तिलाबी आनतोय. काय ती फेरमोजणी माज्यासमोर व्हऊ दे. कुटं येऊ? हापिसात?”

जमिनीच्या कार्यालयात तो गेला असता तर तिथे असा कुणी मोजणीवाला नाही हे दोन मिनिटांत कळले असते. रुग्णालयाच्या दारात आला असता तर पाटी वाचूनच सारे उघड झाले असते. “स्टँडवर या,” ते म्हणाले. “लांज्याच्या गाड्या लागतात तिथे. मी येतो.”

फोन बंद झाल्यावर त्यांनी मोजे काढले, हात धुतले, आणि पुन्हा धुतले. बाईंना सावध करायला त्या एका नंबराशिवाय दुसरा मार्ग नव्हता. डॉक्टर दोन दिवस बाहेरगावी बैठकीला गेलेल्या, समुपदेशक रजेवर. “मॅडम, उद्या तुम्ही चला माझ्याबरोबर,” ते म्हणाले. “बाईमाणूस सोबत असलेलं बरं.” आणि मग वही मिटता मिटता, “मी एका माणसाचा आकडा दुसऱ्या माणसाला सांगितला. वडिलांनी साखळी कायमची खाली ठेवली असती.”

त्यांनी काय ठरवले आहे हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी रिक्षात सांगितले. मोजणी चुकली, असे सांगायचे. तीन पेशींच्या फरकासाठी यंत्र तीन-तीनदा तपासणाऱ्या त्या माणसाने एक खरा आकडा खोटा ठरवायचे मनाशी पक्के केले होते. ते वाक्य ते ओठांतल्या ओठांत पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते.

दीर तिशीचा, धडधाकट, उन्हाने रापलेला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत सातबाराचे उतारे आणि घड्या पडून फाटायला आलेला नकाशा. बाई दोन पावले मागे उभ्या होत्या. रात्रभर रडल्या असाव्यात. आम्हाला पाहून त्यांनी ओळख दाखवली नाही.

“चूक माझी आहे,” सर लगेच म्हणाले. “मोजणी चुकली. तो आकडा तुमचा नव्हेच. तुमच्या जागेची मोजणी झालेलीच नाही. तुमच्या वहिनींनी तसा अर्जही केलेला नाही.”

“मंग त्यो आकडा कोनाचा?”

“दुसऱ्याचा. एका... दुसऱ्या पार्टीचा.”

“आनि ही सारखी रत्नागिरीला येतं ती कशाला?”

सर दिनदर्शिका शोधू लागले. स्टँडवर दिनदर्शिका कुठली असणार? त्यांची नजर गाड्यांच्या पाटीवर गेली, तिथून सरबताच्या गाड्यावर, तिथून स्वतःच्या चपलांवर. कान लाल झाले. मी नुसती उभी होते, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

“सोडा वो सायब,” बाई म्हणाल्या. “तुमी खोटं बोलू नका. तुमाला जमत नाय.”

त्या पुढे आल्या. आवाज हलका होता, पण थरथरत नव्हता.

“भावजी, जमीन नाय मोजत मी. हे माजं रगात मोजतत. तुमचा भाऊस कावीळीनं नाय गेला. ज्या दुखन्यानं गेला, त्ये माज्यात हाय. चार वरसं गोळी खातंय. आयला सांगायचं तर सांगा. माला घरात ठेवायचं नसल तर तसं सांगा. पन वाटनी माला नको.”

एक गाडी मागे घेतली जात होती, वाहक शिट्टी वाजवत होता. दीर पिशवीतला नकाशा बाहेर काढू लागला होता, तो त्याने अर्धवट पुन्हा आत घातला. त्याने बाईंकडे पाहिले नाही. सरांकडे पाहिले.

“त्यो आकडा खरा काय मंग?”

“खरा.”

“तीनशे सत्त्यान्नव?”

“तीनशे सत्त्याण्णव.”

“आनि पयला?”

“दोनशे अठ्ठ्याण्णव.”

“म्हंजे वाडलान.”

“वाढली,” ते म्हणाले. एवढेच म्हणाले.

तो आणखी काही विचारील असे मला वाटले. भाऊ कसा गेला, वहिनीला केव्हा कळले, कुणी लपवले. पण लांज्याची गाडी लागली तसा तो पिशवी काखोटीला मारून गर्दीत शिरला. बाई त्याच्या मागे गेल्या. जाताना त्यांनी वळूनही पाहिले नाही. गाडी गच्च भरली होती. आत कोण कुठे बसले, बसले की उभे राहिले, एकत्र की लांब, काहीच दिसले नाही. गाडी स्टँडबाहेर वळली तरी सर तिथेच उभे होते.

डॉक्टर परत आल्या त्या दिवशी सरांनी स्वतःच्या हाताने एक अर्ज लिहून त्यांच्यापुढे ठेवला. ‘माझ्याकडून एका रुग्णाचा आकडा, खातरजमा न करता, परक्या माणसास दूरध्वनीवरून सांगितला गेला. त्यामुळे त्या रुग्णास आपले गुपित इच्छेविरुद्ध उघड करावे लागले. योग्य ती कारवाई व्हावी.’ डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. नियमाप्रमाणे त्यांनी सरांना लेखी ताकीद दिली, आणि मग विचारले, “पुढे काय झालं त्या बाईंचं?”

“माहीत नाही मॅडम. आणि माहीत असतं तरी ते सांगायचा हक्क त्यांचा.”

बाईंची गोळ्यांची तारीख एका महिन्यानंतरची होती. तो महिना आमच्या खोलीत कुणी ‘मोजणी’ हा शब्द उच्चारला की सर काम सोडून खिडकीशी जात. गोळी बंद झाली तर मिळवलेले हळूहळू पुन्हा जाते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? त्या तारखेला सकाळपासून ते औषधाच्या खिडकीपाशी काही ना काही निमित्ताने घुटमळत होते. आधी सही आणायला, मग पेन विसरले म्हणून, मग पेन परत द्यायला. साडेअकराला बाई आल्या. गोळ्या घेतल्या, पिशवीत ठेवल्या. दोघे समोरासमोर आले.

“गाडीत बसून आलात का हो?” त्यांनी विचारले.

“बसून आलंय.”

त्यांनी अधिक विचारले नाही आणि बाईंनी अधिक सांगितले नाही. पण सरांनी आत येऊन चष्मा काढला, वही उघडली आणि त्या दिवशी रक्त घ्यायचेच नव्हते तरी बाईंच्या नावापुढे शेरा लिहिला: ‘बसून आल्या.’

पुढे ते निवृत्त झाले. आता माकडांची, म्हणजे विषाणूची मोजणी अधिक महत्त्वाची मानली जाते. ज्यांचे औषध नीट चालू आहे त्यांचे मुकादम पूर्वीइतक्या वेळा मोजावे लागत नाहीत. मध्यंतरी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते अंगणात कोकमे वाळत घालत होते. मी म्हटले, तुमच्याविषयी काही लिहावे असे मनात आहे. ते म्हणाले, “माझ्याविषयी लिहा, नाहीतर नका लिहू. त्या बाईंना विचारल्याशिवाय मात्र त्यांच्याविषयी अक्षर लिहू नका.”

म्हणून गेल्या महिन्यात बाई आल्या तेव्हा मी त्यांना आत बोलावून विचारले. नाव, गाव काही येणार नाही, असे सांगितले. त्यांनी हातातली पिशवी मांडीवर घेतली.

“लिवा,” त्या म्हणाल्या. “पन तुमी स्टँडपतूरचंच बगितलंत. पुडचं कुटं ठावं हाय तुमाला?”

“नाही.”

“गाडीत भावजी माज्या बाजूला बसलं. हातखंब्यापतूर काय बोल्लं नाय. मी म्हटलं, आता घरी गेल्यावर काय ती बोलतील. पालीला गाडी थांबली. तवा म्हनतात, वैनी, पानी हाय काय? मी माजी बाटली दिली. मीच प्यायलेली, अर्दी. त्यांनी ती वरनं नाय वो प्यायली. तोंड लावून प्यायल्यानी.” त्यांनी पदराने चेहरा पुसला. “त्ये लिवा.”